भिंतीला हिरवा शालू नेसवताना

दसरा काढायचे दिवस आले, की अंथरुणं-पांघरुणं, डबे-बरण्या, फडताळातली भांडी सगळं अंगणात येतं. भिंती उघड्या पडतात आणि मनात येतंच, ‘यंदा रंग द्यायचा का?’ या खेपेच्या तुमच्या पत्रांत मात्र एकच रंग पुन्हा पुन्हा डोकावतो आहे, तो म्हणजे गडद हिरवा. पोपटी नाही, पिस्ता नाही. चांगला विड्याच्या पानासारखा गर्द. पूर्वी हा रंग आपण दाराखिडक्यांना आणि लोखंडी कपाटाला द्यायचो. आता तो बैठकीच्या भिंतीवर चढू पाहतोय.

रंग देखणा आहे, यात वादच नाही. पण शालू कितीही भारी असला तरी तो केव्हा नेसायचा, कशावर नेसायचा, याचा काही विचार असतो ना? भिंतीचंही तसंच आहे. म्हणून आज दोन पत्रं घेते.

पहिलं पत्र नांदेडचं. घर जुन्या वस्तीतलं. समोरच्या खोलीला पंचवीसएक वर्षांपूर्वी हिरवा ऑइलपेंट दिलेला आहे, त्याचे आता पोपडे निघताहेत. ‘पेंटर म्हणतो, सगळं खरवडून काढतो आणि नवा हिरवा लावतो, दोन दिवसांचं काम. नणंदबाई बाळंतपणाला आल्या आहेत, माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, तेव्हा काम लवकर उरकलेलं बरं,’ असं या भगिनीनं लिहिलंय.

दुसरं पत्र लातूरचं. दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. मुलीचा हट्ट, चारही भिंती हिरव्या करा. यजमानांचं म्हणणं, ‘घराची गुहा होईल.’ आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, तिच्याकडे मी शेवटीच येते.

नांदेडच्या भगिनीला आधी एवढंच सांगते: पेंटरला थांबवा. का, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी रंगाचं बघू.

उजेड आधी मोजा

गडद रंग उजेड गिळतो. चुन्याची स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी पाऊण हिश्शाहून जास्त परत देते. गर्द हिरवी भिंत जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे चारही भिंती हिरव्या केल्या, तर त्याच खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागेल. लातूरच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही!

यावर एक घरगुती कसोटी आहे. सकाळी दहाच्या सुमारास, दिवा न लावता, खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या भिंतीपाशी ताट घेऊन बसा आणि तांदूळ निवडा. खडे सहज दिसले तर एखादी पूर्ण भिंत गडद करायला हरकत नाही. ताट डोळ्यांजवळ न्यावं लागलं, तर हिरव्याला भिंतीच्या खालच्या भागातच ठेवा. लातूर-नांदेडमध्ये घरोघरी मुलं अभ्यासाला बसलेली असतात, कितीतरी घरांत परगावच्या विद्यार्थ्यांना खोल्या दिलेल्या असतात. अभ्यासाच्या खोलीला चारी बाजूंनी गडद रंग नकोच.

दुसरा एक समज काढून टाका. हिरव्या रंगानं खोली थंड होत नाही. तो गारवा डोळ्याला असतो, अंगाला नसतो. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा आतल्या भिंतीचा रंग काय करणार? उष्णता येते ती वरच्या स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. म्हणून गच्चीला चुन्याची पांढरी सफेदी द्या आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून कोणताही गडद रंग देऊ नका, हिरवा तर नाहीच. आत हिरवा, बाहेर पांढरा, असं पक्कं लक्षात ठेवा.

डोळ्याचा गारवा मात्र खरा, बरं का. १९१४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतला पांढरा रंग काढून तिथे पालकासारखा हिरवा आणला. पांढऱ्या भिंती प्रखर दिव्यात डोळ्यांवर येत. रक्ताचा लाल रंग सतत पाहून थकलेली नजर हिरव्यावर विसावते, हा त्यांचा विचार. आणि त्यांनी हिरवा दिला तो जमिनीला आणि भिंतीच्या खालच्या भागाला. यातच आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

चार फुटांचा पट्टा

आपल्या आयांच्या काळी शाळा, दवाखाने आणि स्वयंपाकघरं यांच्या भिंतींना खाली ऑइलपेंटचा पट्टा आणि वर चुना असे. आपण तो जुनाट म्हणून काढून टाकला. पण त्यामागे चांगला हिशेब होता. भिंत मळते ती खालीच. टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डोक्यांचे डाग, मुलांचे हात, सायकलचं हँडल, सगळं चार फुटांच्या आत. वरची भिंत उजेड देते, खालची डाग लपवते.

लातूरच्या भगिनीला माझं सांगणं असं: जमिनीपासून चार फूट गर्द हिरवा, वर साईसारखा पांढरा आणि छतही पांढरंच. मुलीचा हिरवा राहिला आणि यजमानांचा उजेडही राहिला. मध्ये दोन बोटं रुंदीची लाकडी पट्टी किंवा तपकिरी रेघ ओढून घ्या. गेरू लावलेली दोरी दोघांनी ताणून टिचकी मारली, की सरळ रेघ उमटते.

पैशांचा हिशेबही बघा. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर दारं-खिडक्या वजा जाता चार भिंती होतात सुमारे ४०० चौरस फूट. एक लिटर चांगल्या प्लास्टिक पेंटमध्ये दोन हात देऊन साधारण ६० ते ७० चौरस फूट भागतात. म्हणजे सहा-सात लिटर रंग. तेच चार फुटांच्या पट्ट्याला अडीच लिटरच्या आसपास पुरतो. आणि गडद रंगाचा लिटर पांढऱ्यापेक्षा महागच पडतो.

एक गोष्ट पेंटर सांगत नाहीत. गडद रंगाच्या डब्यात झाकणारा पांढरा रंग फार कमी असतो, त्यामुळे दोन हातांनंतरही खालचं दिसतं आणि तिसरा हात द्यावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे पांढऱ्या प्रायमरऐवजी दुकानातूनच थोडी करडी छटा घातलेला प्रायमर घ्या. दोन हातांत काम होतं.

छटा कशी निवडावी?

शेड कार्डवरचा किंवा मोबाइलवरचा हिरवा बघून निर्णय घेऊ नका. बोटभर कागदावर जो सुंदर दिसतो, तो भिंतभर झाला की काळपट वाटतो. कार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी निवडा. सगळ्यांत लहान डबा आणा, जाड पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी पाहा, दुपारी पाहा आणि रात्री दिवा लावून पाहा. पांढऱ्याफेक ट्यूबखाली हिरवा निळसर आणि थंड दिसतो, पिवळसर दिव्याखाली मेंदीकडे झुकतो. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळच्या उन्हानंही तो पिवळट होतो. अशा खोलीला मोरपंखीकडे झुकणारा हिरवा घ्या. उत्तरेच्या खोलीला कढीपत्त्याचा किंवा चिंचेच्या पाल्याचा उबदार हिरवा बरा.

जुना हिरवा खरवडण्यापूर्वी

आता नांदेडच्या पत्राकडे येते. हा भाग सगळ्यांनीच नीट वाचा, घराला रंग द्यायचा नसला तरी.

हिरव्या रंगाचा पूर्वेतिहास जरा वाईटच आहे. १७७५ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी एक सुंदर हिरवा रंग तयार केला. त्यात तांबं होतं आणि सोमल होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींवर असल्या रंगांचे कागद चिकटवले जात आणि त्यांनी माणसं आजारी पडत. तो रंग गेला. पुढे ऑइलपेंटमध्ये दुसरा हिरवा आला. पिवळ्यात निळा मिसळून तो बनवत, आणि तो पिवळा बहुतेक वेळा शिशाचा असे. आपल्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर, जुन्या पट्ट्यांवर जो चकचकीत हिरवा आहे, त्यात शिसं असण्याची शक्यता दाट आहे. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग अशी कडक मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या प्रत्येक ऑइलपेंटकडे संशयानंच पाहायचं.

भिंतीवर घट्ट बसलेला जुना रंग आपणहून त्रास देत नाही. त्रास होतो तो पोपडे निघाले, कोरडा घासला किंवा बत्तीनं जाळला की. घासताना उडणारी पूड डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते. ती फरशीवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, बुद्धी आणि एकाग्रता कमी करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईच्या शरीरातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. किती शिसं चालेल, याला सुरक्षित अशी खालची मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि कित्येकदा बाहेरून काही लक्षणही दिसत नाही. डोहाळ्यांत माती किंवा भिंतीचे पोपडे खावेसे वाटतात कुणाकुणाला. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. पण पोपडे खायचे नाहीत.

तर, नांदेडच्या ताई, असं करा:

१. शक्य असेल तर हे काम बाळंतपण होऊन नणंदबाई बाळाला घेऊन परत जाईपर्यंत लांबवा. भिंत कुठे पळून जात नाही. तोवर सुटलेल्या पोपड्यांजवळ मुलाचं अंथरूण आणि खेळणी ठेवू नका. फरशी आणि खिडकीची चौकट रोज ओल्या फडक्यानं पुसा.

२. काम करायचंच झालं, तर नणंदबाई आणि मुलगा दोघांनाही काम संपून घर पुसून होईपर्यंत दुसऱ्या घरी पाठवा. शेजारच्या खोलीत ठेवून भागत नाही.

३. घट्ट बसलेला रंग काढूच नका. त्यावरच प्रायमर देऊन नवा रंग चढवा. फक्त सुटलेला भाग काढायचा, तोही भिंत ओली करून आणि वॉटर पेपरनं. कोरडा पॉलिश पेपर नको, घासायचं मशीन नको, बत्ती तर मुळीच नको.

४. खोलीतलं सगळं सामान बाहेर काढा. धान्याचे डबे, पाण्याची भांडी, देव्हारा हलवा. जमिनीवर जुना प्लास्टिकचा कागद अंथरा, दाराला ओली चादर लावा.

५. काम झाल्यावर केरसुणी फिरवू नका, पूड उडते. कागद आतल्या आत गुंडाळून पोत्यात बांधा. फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसा, दर वेळी पाणी बदला. ते फडकंही टाकून द्या. हे पाणी परसातल्या भाजीच्या वाफ्यात ओतायचं नाही.

६. पेंटरच्याही नाका-तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क असू द्या, नुसतं फडकं पुरत नाही. जेवणाआधी त्याला साबणानं हात धुवायला सांगा. त्याच्याही घरी लेकरं असतात.

घरात आधीच कोरडं खरवडून झालं असेल तर घाबरून जाऊ नका. घर ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि मुलाच्या रक्तातलं शिसं तपासावं का, हे डॉक्टरांना विचारा. नवा डबा घेताना नावाचा आणि लेबलचा घ्या. त्यावर शिशाबद्दल लिहिलेलं वाचा. सुटा, बिनलेबलचा किंवा यंत्रांसाठीचा ऑइलपेंट स्वस्त मिळाला म्हणून आणू नका.

भिंत कशाची आहे?

आपल्याकडे अजून माळवदाची, दगड-मातीची घरं आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे कितीतरी गावं नव्यानं सिमेंटची उभी राहिली, पण जुन्या पेठांतून मातीच्या भिंती टिकून आहेत. अशा भिंतीला ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट नको. मातीची भिंत श्वास घेते म्हणतात ना, ते खरं आहे. तिच्यातली ओल बाहेर पडायला वाट लागते. वरून रंगाचं कातडं चढवलं की ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. तिला चुनाच द्या. चुन्यात गर्द हिरवा उतरत नाही, आणि बाजारातली प्रत्येक हिरवी पूड चुन्यात टिकतही नाही. काही तर थोड्याच दिवसांत पिवळट पडतात. अशा घरात गर्द हिरवा दाराला, खिडकीला, कोनाड्याच्या चौकटीला द्या. पांढऱ्या भिंतीत एक हिरवं दार पुष्कळ शोभा देतं.

सिमेंटचा गिलावा नवा असेल तर निदान महिनाभर वाळू द्या. पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला असेल, पांढरा खार फुलला असेल, तर आधी गळती शोधा. पांढऱ्या भिंतीवर खार लपतो, हिरव्यावर मीठ सांडल्यासारखा दिसतो.

शेजार कोणता शोभेल?

गर्द हिरव्याला फार सोबत लागत नाही. शहाबादी फरशीचा करडा रंग त्याच्याशी छान जुळतो. चिंचेनं घासलेली पितळेची समई, तांब्याचा हंडा, आजेसासूबाईंची पोळपाट ठेवायची जुनी फळी, असं काहीही त्याच्यासमोर उठून दिसतं. किनवटच्या सागवानाचं जुनं कपाट असेल तर त्याला रंग देऊ नका, नुसतं पॉलिश करा. उदगीरकडच्या मैत्रिणींना बिदर जवळ, त्यांच्याकडे बिदरीची एखादी फुलदाणी असेल. काळ्यावरची ती चांदीची नक्षी हिरव्यासमोर ठेवून पाहा.

पडदे हिरवे नकोत, फुलाफुलांचेही नकोत. बिनरंगाची खादी घ्या. नांदेडच्या खादी समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा चांगली खादी आपल्या दारातच आहे. साईच्या रंगाचा खादीचा पडदा आणि दिवाणावर लाल काठाची वाकळ. झाली बैठक तयार!

धूळ आणि पाणी

काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात धूळ किती, हे मी सांगायला नको. गडद भिंतीवर ती चटकन दिसते. अगदी मळका, बिनचमकीचा रंग घेतला तर पुसताना पट्टे उठतात. फार चमकीचा घेतला तर भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मधला, रेशमी चमकीचा घ्या.

बोअरचं पाणी जड असतं. त्यानं हिरवी भिंत पुसली की वाळल्यावर पांढरे ओघळ दिसतात. आणि २०१६च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथल्या बायकांना पाणी जपायला कोण शिकवणार! आठवड्याला मऊ, कोरड्या फडक्यानं वरून खाली धूळ टिपा. डाग असेल तेवढ्याच जागी पिळलेलं ओलं फडकं फिरवा आणि लगेच कोरडं. पावसाचं पाणी साठवत असाल तर भिंतीसाठी तेच वापरा. ठेवणीतला थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, वर छटेचा क्रमांक लिहून ठेवा. ओरखडे भरायला उपयोगी पडतो.

आणि ती शेवटची ओळ

लातूरच्या भगिनीनं शेवटी विचारलंय, ‘सासूबाईंनाही त्यांच्या खोलीची एक भिंत हिरवी हवी आहे. मामंजी जाऊन दोन वर्षं झाली. चार लोक नावं ठेवतील का?’

ताई, आपल्याकडे हिरवा म्हणजे चुडा, डोहाळजेवणाची साडी, माहूरच्या रेणुकेची ओटी. म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला, ते मी समजू शकते. पण हिरवा पहिल्या पावसानंतरच्या शेताचाही रंग आहे आणि दर्ग्यावरच्या चादरीचाही. तो एकट्या सवाष्णीचा कधीच नव्हता. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक अख्खं गाव जर बांगड्यांबद्दल असं म्हणू शकतं, तर आपण एका भिंतीसाठी लोकांना भ्यायचं का?

त्यांच्या पलंगासमोरची भिंत हिरवी करा. सकाळी उठल्या उठल्या नजर पडेल अशी. छटा त्यांनाच निवडू द्या, पुठ्ठा त्यांच्याच हातात द्या. आणि कुणी विचारलंच, तर ‘आईंना आवडला म्हणून दिला,’ एवढंच सांगा. याहून मोठं कारण लागत नाही.

तर मैत्रिणींनो, रंग लावा, हौसेनं लावा. पण जुना हात लावण्याआधी फडकं ओलं करायला विसरू नका. पुढच्या अंकात पावसात फुगलेली दारं आणि न लागणाऱ्या कड्या यांचं बघू. तोवर दसऱ्याच्या आवराआवरीला शुभेच्छा!